मी नापास केलेली झडप

आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक माझ्याकडे आले ते चुकून. त्यांना जायचं होतं चौथ्या मजल्यावरच्या बँकवाल्या साहेबांकडे, लेख मागायला. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागला, आमचं दार उघडं होतं, म्हणून पाणी प्यायला थांबले. पेला रिकामा करून त्यांनी सहज विचारलं, काका, तुम्ही कुठे होता कामाला? मी म्हटलं, तुम्ही आत्ता प्यायलात ते पाणी पाइपातून उलटं जाऊ नये, हे बघायचं काम होतं माझं. ते हसले. मी हसलो नाही. मग ते बसले, आणि चौथ्या मजल्यावर गेलेच नाहीत. तेव्हा बँकवाल्या साहेबांचा लेख या अंकात नसेल तर त्याचा दोष लिफ्टवाल्याला द्यावा.

मी लांज्याकडचा. दत्ताराम माझं नाव. सातवी नापास. मस्कतला आलो तो प्लंबरच्या हाताखाली पाइप उचलायला, आणि इथेच म्हातारा झालो. आता लेकाकडे रुवीत राहतो. मधलं सगळं सांगत बसत नाही. सगळ्यांची ती गोष्ट एकच असते, एका खोलीत आठ माणसं आणि नऊ मतं. मी सांगणार आहे ते बॅकफ्लोचं, म्हणजे पाणी उलटं जाण्याचं.

पाणी पुढेच जातं असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. पण पाण्याला पुढे-मागे काही कळत नाही. त्याला जोर तेवढा कळतो. जिकडे जोर कमी, तिकडे ते जातं. रस्त्याखालची मोठी लाइन फुटली किंवा आगीच्या बंबाने एकदम पाणी खेचलं, की लाइनीतला जोर पडतो. नेमकी त्याच वेळी तुमच्या नळाची रबरी नळी फिनेलच्या बादलीत बुडालेली असेल, तर लाइन ते फिनेल आपल्याकडे ओढून घेते. आपण नळीने शहाळं पितो ना, तसं. मग जोर परत येतो आणि तेच फिनेल शेजारच्याच्या किटलीत जातं.

हे खोटं वाटत असेल तर बरकाकडच्या एका लेबर कॅम्पचं सांगतो. कॅम्पाला लागून गाड्या धुवायची जागा होती. तिथल्या साबणाच्या पिंपात कोणीतरी नळी सोडून ठेवलेली. लाइनीचा जोर पडला आणि साबण कॅम्पात आला. दोन दिवस चहाला असा फेस येत होता की सगळे खूश. दूधवाला बदलला वाटतं, म्हणाले. तिसऱ्या दिवशी अर्ध्या कॅम्पाची पोटं बिघडली, तेव्हा मला बोलावलं. तोवर दूधवाल्याला दोघांनी बक्षीसही दिलं होतं.

तर असं होऊ नये म्हणून लाइनीवर एक पितळी धूड बसवतात, त्यालाही आम्ही बॅकफ्लोच म्हणतो. त्याच्या पोटात दोन दारं, दोन्ही पुढेच उघडणारी. दोन दारांच्या मधे खालच्या बाजूला एक भोक, आणि त्या भोकावर तिसरी झडप. दारं नीट लागेनाशी झाली किंवा मागून पाणी रेटायला लागलं, की ही मधली झडप उघडते आणि पाणी सरळ जमिनीवर सांडते. सांडेन, पण मागे जाऊ देणार नाही, असा तिचा बाणा. म्हणजे गळणारा बॅकफ्लो हा बऱ्याच वेळा इमानदार असतो. हे गिऱ्हाइकाला पटवणं हे माझं निम्मं काम, आणि त्यात मला कधी यश आलं नाही.

कुरुमला एका बंगल्यात या गळतीने संगमरवरावर डाग पडला. मालकांच्या माळ्याने उपाय केला. त्या भोकात लाकडाचा खुंट ठोकला आणि वरून सिमेंट थापलं. मी छिन्नीने ते सगळं काढलं, झडपेने मोकळा श्वास घेतला आणि लगेच पाणी सांडलं. मालकीणबाई बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "पहले लीक नहीं था. तुम आया, तब लीक हुआ." खरंच होतं ते.

मत्रहच्या बाजारात एक कच्छी शेट होते. त्यांच्या मागच्या गोदामात थंडाव्याचं मशीन, त्यात औषध घातलेलं पाणी फिरायचं, म्हणून तिथे बॅकफ्लो. दसऱ्याला शेट सगळ्या यंत्रांची पूजा करत, त्यात माझ्या झडपेलाही झेंडूचा हार आणि कुंकू. कुंकू नेमकं टॅगवर. टॅग म्हणजे तपासणी झाल्यावर आम्ही झडपेला अडकवतो ती चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि माझी सही. मी म्हटलं, शेट, पूजा करा, पण तारीख तरी दिसू द्या. शेट म्हणाले, "भगवान की कोई तारीख होती है क्या?" मी कुंकू तसंच राहू दिलं. माझ्या सहीवर कुंकू लावणारा दुसरा कोणी मला भेटलेला नव्हता.

तपासणी म्हणजे काय, ते सांगतो. डॉक्टर रक्तदाब बघतो ना, तसंच. गोल तबकडीचा एक गेज असतो, त्याला तीन नळ्या. त्या झडपेच्या अंगावरच्या छोट्या नळांना जोडायच्या आणि जोर हळूहळू कमी करत जायचं. काटा उतरत जातो. मधली झडप कुठल्या आकड्यावर उघडते ते बघायचं. दोन किंवा वर उघडली तर पास. दोनच्या खाली उघडली तर नापास, कारण ती उशिरा जागी होते. एवढंच. बाकी सगळं गुडघ्यांचं काम, कारण ही धुडं नेहमी अशा कोपऱ्यात बसवलेली असतात की तिथे वाकायला मांजरच हवं.

माझा गेज मी पंधरा वर्षं वापरला. आमच्या कंपनीत पुण्याहून आलेला देशपांडे नावाचा इंजिनियर होता, पोरगा चांगला, मला काका म्हणायचा. त्याने मला आकडे दाखवणारा नवा गेज द्यायचा फार प्रयत्न केला. मी घेतला नाही. त्याला म्हटलं, तुझ्या गेजला आकडा येतो, पण आकडा कसा आला ते मला दिसत नाही. काटा उतरताना मला दिसतो. तो बिचारा परत घेऊन जायचा. गेजची दर वर्षी प्रयोगशाळेत तपासणी होऊन त्यावर तारखेचा स्टिकर लागायचा, तो माझ्या गेजवर होता. त्यामुळे कोणी काही बोलू शकत नव्हतं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी ती कोणाला सांगितली नाही. त्याच संगमरवरवाल्या बंगल्यात, मालकीणबाईंशी हुज्जत घालताना, माझ्या हातून गेज निसटला आणि फरशीवर पडला. मी उचलला. कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही. काटा शून्यावर होता. पिशवीत टाकला. नियम असा की पडलेला गेज ताबडतोब प्रयोगशाळेत पाठवायचा. त्याला दहा-बारा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मला देशपांडेचा तो आकडेवाला घेऊन फिरावं लागलं असतं. शिवाय स्टिकरवरची तारीख अजून संपली नव्हती. जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की टॅगवरची तारीख म्हणजे झडपेची तब्येत नव्हे. स्वतःच्या वेळी मला स्टिकर पुरला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी कुरुमच्याच समुद्राकडच्या एका मोठ्या हॉटेलात वर्षाची तपासणी होती. तिथल्या मेंटेनन्सचा प्रमुख मिंगेल. वसईचा ख्रिश्चन, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पान्यापासून वर आलेला, पण शाळा पुरी केलेला. आमची एक रीत पडली होती. मी गुडघ्यावर बसून काटा बघायचा आणि आकडा बोलायचा. मिंगेलने शेजारी उभं राहून फॉर्म भरायचा, कारण फॉर्म इंग्रजीत आणि माझं इंग्रजी पास आणि फेल एवढंच. शेवटी मी सही ठोकायची. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं. ज्याची परीक्षा त्यानेच पेपर लिहायचा, असा तो प्रकार. पण इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडचा एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. मी सातवी नापास, म्हणून मला दुसऱ्यांना नापास करायची हौस, असं तो म्हणायचा. वरून त्याचं अक्षर असं सुरेख की आमच्या ऑफिसातले लोक मला म्हणायचे, दत्तारामकाका, तुमचं अक्षर फार छान. मी नाही म्हणायचो नाही.

त्या दिवशी गुरुवार होता. हॉटेलात शुक्रवारपासून तीन दिवसांचं लग्न, सगळ्या खोल्या भरलेल्या. मी लाँड्रीच्या लाइनीवरच्या झडपेला नळ्या लावल्या. काटा उतरत गेला, दोनच्या खाली गेला, आणि मग झडप उघडली.

"किती?" मिंगेलने विचारलं.

"दीड."

त्याने पेन कागदावरून उचललं. "परत बघ."

परत बघितलं. दीड.

"गेल्या वर्षी तीन होता, दत्ताराम."

"गेल्या वर्षी तुझे केसही काळे होते."

तो हसला, पण थोडंच. म्हणाला, दोनशे माणसांच्या चादरी आहेत, लाँड्री बंद पडली तर माझी कातडी काढतील. सोमवारी लिहू या का? मी म्हटलं, गुरुवारी बघितलं ते गुरुवारीच लिहायचं. तुला जमत नसेल तर दे इकडे कागद, मी गिरवतो फेल, तेवढं येतं मला. मिंगेलने लिहिलं. स्वतःच्या हाताने, मोठ्या स्वच्छ अक्षरात, फेल. मी खाली सही केली आणि लाइन बंद केली.

पुढचं सगळं तमाशासारखं झालं. चादरी रुवीतल्या एका बाहेरच्या लाँड्रीत पाठवल्या. तिकडून येताना गठ्ठे बदलले आणि नवरीकडच्या मंडळींच्या उशांवर दुसऱ्याच हॉटेलचं नाव. नवरीच्या मामाने त्यावरून लग्नात जे करायचं ते केलं. इकडे मिंगेलने झडपेची आतली सगळी रबरं बदलली. मी परत तपासली. दीडच. मग दुबईहून अख्खी नवी झडप मागवून बसवली. ती दोनवर उघडली, काठावर पास. मी म्हटलं, नवी आहे, अंग आखडलंय, सुटेल हळूहळू. जुनं धूड भंगारात गेलं.

हॉटेलच्या जनरल मॅनेजरने एकच प्रश्न विचारला. धडधाकट झडप एका वर्षात एवढी कशी खराब होते, की रबरं बदलूनही सुधारत नाही? देखभाल कोणाकडे होती? मिंगेलकडे. त्याला महिन्याची नोटीस मिळाली.

आखाताबाहेरच्या वाचकाला यातली गोम कळणार नाही, म्हणून सांगतो. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि माणसाचा व्हिसा गेला की त्यावर आलेल्या बायकामुलांचाही गेला. मिंगेलची मुलगी रेचल इथल्या भारतीय शाळेत बारावीला होती. बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर. परीक्षेचा नंबर इथल्या शाळेतून. मधेच वसईला गेली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं, आणि तिला पुढे जे शिकायचं होतं तेही बहुधा.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला माझं बरोबर वाटत होतं. मी मिंगेलला भेटायला गेलो आणि म्हटलं, रबरं वेळेवर बदलायला हवी होतीस. तो म्हणाला, "बदलली होती. मार्चमध्ये. फाइलीत आहे."

"फाइलीत सगळंच असतं," मी म्हटलं.

हे वाक्य मी इथे लिहितो, कारण त्याने ते कधी कोणाला सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी मला निझवाला पाठवलं. खजूर भरायचा नवा कारखाना, अजून उघडायचा होता. झडप कालच खोक्यातून काढून बसवलेली, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मी नळ्या लावल्या. दीड. मी म्हटलं, फेल.

तिथे कामावर नजर ठेवायला सलीम नावाचा ओमानी इन्स्पेक्टर होता. चाळिशीचा, डोक्यावर टोपी, हातात तस्बीहची जपमाळ, हिंदी आपल्यापेक्षा बरी. त्याने माझ्याकडे पाहिलं, झडपेकडे पाहिलं. "बाबा, ये कल पैदा हुआ. एक रात में बुड्ढा हो गया?"

मी त्याला सुनावलं. हल्ली कारखानेच असा माल काढतात, तुम्ही लोक तपासून घेत नाही, मी कुरुमच्या हॉटेलातही असाच एक पकडलाय. तो ऐकत होता. वाद घातला नाही. गाडीतून स्वतःचा गेज घेऊन आला आणि म्हणाला, यल्ला, चला, दोन्ही लावू.

दोन्ही गेज शेजारी शेजारी लावले आणि जोर उतरवत गेलो. झडप उघडली तेव्हा त्याचा काटा तीनवर होता. माझा दीडवर. मी म्हटलं, तुझा चुकीचा असेल. तो म्हणाला, असेल. आणि त्याच्या माणसाला आणखी एक तिसरा गेज आणायला सांगितला. तिसराही तीन.

त्याने माझा गेज हातात घेतला, नखाने काच वाजवली. "मशीन ठीक है, बाबा. तेरा घडी बीमार है."

मग त्यानेच दाखवलं. शून्याच्या आकड्याशी एक बारीक खिळा असतो. गेज रिकामा असला की काटा त्या खिळ्याला टेकतो, म्हणून शून्यावर दिसतो. माझ्या काट्याला खरं तर शून्याच्याही खाली, दीडने खाली बसायचं होतं. खिळा त्याला धरून ठेवत होता. बाहेरून बघणाऱ्याला तब्येत ठणठणीत. हा खिळा मी पंधरा वर्षं रोज बघत होतो. तो तिथे कशाला आहे, हा विचार कधी केला नव्हता.

निझवाहून येताना मी पिकअप दोनदा बाजूला घेतला. हिशेब साधा होता. हॉटेलची झडप दीडवर नाही, तीनवर उघडत होती. गेल्या वर्षीइतकीच. मिंगेलने मार्चमध्ये रबरं बदलली होती. फाइलीत होतं ते खरं होतं.

देशपांडेला सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. म्हणाला, "काका, नीट ऐका. तुमच्या गेजने चांगल्याला वाईट म्हटलं. वाईटाला चांगलं नाही म्हटलं. कोणाच्या पोटात घाण पाणी गेलं नाही. गेज बदलतो, खलास. दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त. कशाला उकरता?" मी म्हटलं, मिंगेलची नोकरी? तो म्हणाला, ती हॉटेलने घालवली, आपण नाही. आपण फक्त आकडा दिला. शिवाय लिहून दिलंत तर हॉटेल उद्या नव्या झडपेचे पैसे मागेल, आणि त्या गेजने तुम्ही नापास केलेले बाकीचेही येतील दारात.

पोरगा वाईट नव्हता. त्याचं सगळं बरोबरही होतं. म्हणून मी तीन दिवस गप्प बसलो. त्या तीन दिवसांत त्याचा तो आकडेवाला गेज घेऊन सहा ठिकाणी गेलो. सहाच्या सहा पास. पास झालेल्या झडपांचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

शुक्रवारी मिंगेलकडे गेलो. इथे शुक्रवारची सुट्टी, म्हणून त्यांची प्रार्थनाही शुक्रवारी. चर्चहून नुकतेच आले होते. बाहेरच्या खोलीत दोन खोकी बांधून ठेवलेली, आणि जेवणाच्या टेबलावर रेचलची पुस्तकं. ती पुस्तकं अजून कोणी बांधली नव्हती. मी खुर्चीवर बसलो आणि पाणी यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. निझवाचं, तीन गेजांचं, आणि फरशीचं.

मिंगेलने विचारलं, "कधी पडला?"

"तुझ्याकडे यायच्या दोन आठवडे आधी."

"म्हणजे माझ्यापुढे गुडघ्यावर बसलास तेव्हा तुला ठाऊक होतं."

"पडला ते ठाऊक होतं. बिघडला ते नव्हतं."

तो खिडकीकडे वळला. म्हणाला, "आणि मी लिहिलं. खाली वाकून एकदा काटासुद्धा बघितला नाही. दत्ताराम म्हणतो ना दीड, मग दीड." यात राग कमी होता. त्यामुळे मला जास्त लागलं. वहिनींनी चहा आणून ठेवला. त्यात साखर नव्हती. विसरल्या की घातली नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मी म्हटलं, मला हे हॉटेलला लिहून द्यायचंय, पण लिहिणार कोण? मिंगेलने आपल्याच बाजूचं पत्र आपल्या हाताने लिहिणं बरं दिसलं नसतं. त्याने रेचलला हाक मारली. पोरगी इथेच वाढलेली, मराठी बोलताना एकेक शब्द कपाटातून काढून आणल्यासारखी बोलते. वहीतला कागद फाडून समोर बसली.

"अंकल, काय लिहू? गेज... फॉल्टी होतं, असं?"

"होय. तसंच लिही."

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. द गेज वॉज फॉल्टी. कानाला फार बरं वाटलं. जणू गेज आपल्या आपण आजारी पडला होता, आणि मी बिचारा त्याला घेऊन दारोदार फिरत होतो. एवढ्यावर सुटलो असतो. मिंगेलही काही बोलला नसता. तो तसाच खिडकीकडे बघत होता, आणि पोरगी पेनाचं टोपण लावत होती.

"बाय, ते खोड," मी म्हटलं.

"का? स्पेलिंग चुकलं?"

"नाही. लिही, गेज माझ्या हातून पडला. पडला हे मला माहीत होतं. तो तपासायला पाठवायचा असतो, तेही माहीत होतं. मी पाठवला नाही. तोच घेऊन तुमच्या हॉटेलात आलो आणि चांगली झडप नापास केली."

ती बापाकडे बघायला लागली. "अंकल, एवढं सगळं? ते तुम्हाला... तुम्हाला प्रॉब्लेम करतील."

"करू देत. तू लिही."

रविवारी मी आणि मिंगेल जनरल मॅनेजरच्या खोलीत उभे होतो. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत काही विचारलं. मिंगेलने मला सांगितलं, हे तुझ्या कंपनीने पाठवलंय का, असं विचारतात. मी म्हटलं, सांग, कंपनीला उद्या कळेल. मिंगेलने सांगितलं. साहेब पहिल्यांदाच हसले. मला बाहेर बसायला सांगितलं.

कंपनीला दुसऱ्या दिवशी कळलंच. देशपांडेला वरून बोलणी बसली, त्याने ती खाली माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीत, एवढं त्याचं मोठेपण. उरलेले दोन महिने मला काम एकच. त्या गेजने नापास केलेल्या प्रत्येक झडपेकडे परत जायचं, नवा गेज लावायचा, आणि मालकाला सांगायचं की तुमची झडप चांगली होती, मीच वाईट होतो. एकाने मला पाणीही विचारलं नाही. एकाने सांगितलं की जुनी झडप फेकून दिली, आता मला हे कशाला सांगता, झोप उडाली माझी. मत्रहच्या शेटना मात्र पटेचना. म्हणाले, भाई, तू फेल कर के गया, हमने नया लगाया, तब से पानी मीठा लगता है. मी म्हटलं, शेट, पाणी तेच आहे. ते म्हणाले, नहीं, फरक है.

पण मिंगेलचं राहिलं. त्या रविवारी मी बाहेर अर्धा तास बसलो होतो. मग तो आला आणि आम्ही खाली गाड्यांच्या जागेत गेलो. नोटीस मागे घेतली होती. वर त्याचा करार पुढे वाढवायचंही साहेबांनी कबूल केलं होतं. रेचल परीक्षा इथूनच देणार होती. हे सगळं त्याने सांगितलं आणि मग थांबला.

"आणि?" मी म्हटलं.

"आणि तुला यापुढे हॉटेलच्या कुठल्याही झडपेला हात लावता येणार नाही. आत सोडू नका म्हणून गेटवर तुझं नाव देणार आहेत." मग त्याचा आवाज चढला. "मी भांडतो त्याच्याशी. तू आपणहून आलास. हे त्याने धरायला नको?"

"भांडू नकोस."

"का म्हणून?"

"गेज पाडून गप्प बसलेला माणूस माझ्या गेटवर आला असता, तर मी काय केलं असतं? त्याला नापासच केला असता. वर तुला ते लिहायलाही लावलं असतं."

मी पिकअपचं दार उघडलं, आत बसलो, चावी लावली. तेव्हा तो खिडकीशी वाकला.

"शुक्रवारी घरी जेवायला ये," तो म्हणाला. "त्या गेटवर मी असतो."